कांचनच्या पुढे धावताना

"तुझं तिच्यासंगं लगन ठरलं काय?" शेषरावमामांनी विचारलं.

मी नुकताच धावून थांबलो होतो. सकाळचे सहा-सव्वासहा झाले असतील. अमरावतीच्या आमच्या मैदानावर थंडीनं गवत ओलं होतं आणि मामा स्वेटरवर मफलर, मफलरवर कानटोपी अशा बंदोबस्तात कठड्याला टेकून उभे होते. ते चांदूर बाजारहून पहिल्या एसटीनं आले होते, आणि कशासाठी आले ते अजून सांगत नव्हते.

"नाही मामा. लग्न कुठलं?"

"मंग रोज सकाळी त्या पोरीच्या पुढं काय धावून राहिला?"

मी त्यांना समजावलं. ती कांचन गावंडे. आठशे मीटर धावते, म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. गेल्या दोन वर्षांपासून देशातल्या पहिल्या दोघींत तिचं नाव आहे; दुसरी केरळची लिन्सी. दोन मिनिटांच्या आत दोन फेऱ्या मारल्या तर ती ऑलिम्पिकला जाईल, आणि गेले कित्येक महिने ती दोन मिनिटांच्या जरा वरच अडकून पडली आहे. तिच्यापुढं कुणीतरी एका ठरलेल्या वेगानं धावलं, तर तिला वेगाचा विचार करावा लागत नाही आणि समोरचा वाराही अडतो. सरावात ते काम मी करतो.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. ते तालुक्याच्या क्रीडा महोत्सव समितीवर होते, त्यामुळे खेळातलं आपल्याला कळतं असं त्यांचं मत होतं.

"म्हंजे तू तिच्या पुढं असतो."

"हो."

"रोज?"

"तेच तर काम आहे."

"एखाद्या दिवशी ती पुढं गेली असं?"

"नाही."

मामांनी कानटोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली. "मंग ऑलिम्पिकले तिले काहून पाठवून राहिले?"

मी हसलो. पण त्या प्रश्नानं दिवसभर पिच्छा सोडला नाही. माझं वय तेव्हा तेवीस. बी.पी.एड. झालं होतं, नोकरी नव्हती. माझी आठशे मीटरची वेळ कांचनच्या वेळेपेक्षा पाचेक सेकंदांनी चांगली होती. तेवढ्या वेळात कांचन धावली असती तर वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर फोटो छापला असता. माझं नाव मात्र आमच्या गल्लीबाहेर कुणाला माहीत नव्हतं, कारण माझ्यासारखी धावणारी पोरं जिल्ह्याजिल्ह्यात पडलेली होती. मी ह्यात कधी गैर काही पाहिलं नव्हतं. मामांनी ते एका वाक्यात पाहिलं, आणि आता मलाही दिसायला लागलं.

मामा नेमके कशासाठी आले होते ते त्यांनी चहाच्या टपरीवर सांगितलं. महोत्सवाला यंदा गर्दी खेचायची होती. "बाई विरुद्ध माणूस. दोन राऊंड. तू अन् ती. गावाले पाहू दे खरं काय ते."

"मामा, ती येणार नाही."

"कुठं?" मागून आवाज आला. कांचन गळ्यात टॉवेल टाकून आमच्यामागं उभी होती. ती उंचीनं बेताचीच, पण आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. धामणगावकडची. मामांनी जरा चाचरत तिला सगळं सांगितलं, फक्त 'खरं काय ते' हे शब्द गाळले.

"ग्राउंड कसं आहे?" तिनं विचारलं.

"मुरूम टाकलेलं. दाबून पक्कं केलं. हरणे गुरुजी सोता चुना मारतात."

"टायमिंग कोण घेते?"

"तेच. राज्याचे पंच आहेत ते."

"मी येतो," कांचन म्हणाली. ती स्वतःविषयी कधी 'येते' म्हणायची, कधी 'येतो'. आमच्याकडे बायका तसं बोलतात. "गर्दी जमते ना पण मामाजी? रिकाम्या मैदानात शर्यत नाई धावत मी."

मामा खूश होऊन परत गेले. आमच्या प्रशिक्षक काळमेघ मॅडम मात्र नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. मॅडम पूर्वी अडथळ्यांची शर्यत धावायच्या, आणि कोणाही माणसाकडे हा पुढचा अडथळा आहे अशाच नजरेनं बघायच्या. त्यांनी सगळं ऐकलं, कांचनकडे पाहिलं, आणि दोघींनी मान डोलावली. मला त्यात काय ठरलं ते कळलं नाही.

चांदूर बाजारला जाताना जीपमध्ये कांचन माझ्याशेजारी बसली होती.

"मुरली, एक सांगतो तुले. माझ्यावर दया करून हळू धावला, तर माझ्यासंगं पुन्हा धावायचं नाई."

"आणि नाही केली तर सगळं गाव तुला हसेल."

"हसू दे. तू रोजच्यासारखा धाव. दोन्ही राऊंड सारखे. शेवटच्या वळणावर तुले जे करायचं ते कर, मी पाहून घेतो."

"काय पाहून घेतो?"

खिडकीबाहेर संत्र्यांचे बगीचे मागं जात होते आणि ती ते मोजत असल्यासारखी बघत बसली.

शर्यतीआधी मामांच्या घरी चहा झाला. मामांनी मोठ्या उत्साहानं शोकेसमधून आपलं पदक काढून आणलं. गेल्या वर्षी नागपूरला ज्येष्ठांच्या स्पर्धेत, शंभर मीटर, पहिला नंबर. महोत्सवाचा दिवस असल्यामुळे मामा आज ते गळ्यात घालणार होते.

कांचननं पदक हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. ती मस्करी करत नव्हती. पदकाची तिला खरीच कदर होती.

"किती जण होते मामाजी?"

"नऊ. सगळे पंचावन्नच्या वरचे. एक त पोलिसातून रिटायर झालेला, घोड्यावानी माणूस. त्याले मी शेवटच्या दहा मीटरमंदी मारला."

"अन् त्यात एखादा चाळीसचा घुसला असता तर?"

"घुसू देतो काय? पंचाची गचांडी धरली असती मी."

"बरोबर आहे," कांचन म्हणाली आणि बशीतला चहा प्यायली. मामींनी तिला आणखी एक चिवड्याची प्लेट दिली. धावायच्या आधी ती चिवडा खाणार नव्हती, पण मामींचं मन राखायला तिनं तो ओढणीच्या टोकात बांधून घेतला.

मैदानावर खरंच गर्दी होती. शाळेच्या व्हरांड्यात बायका बसल्या होत्या, भिंतीवर पोरं चढली होती, आणि चुन्याच्या रेघांच्या आत येऊ पाहणाऱ्या लोकांना हरणे गुरुजी शिट्टी वाजवून मागं हटवत होते. गुरुजी निवृत्त पी.टी. शिक्षक. पांढरी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी आणि हातात घड्याळ. माईक मामांकडे होता, आणि पदक गळ्यात होतं.

"आता आपण पाहणार आहोत," मामा म्हणाले, "ऑलिम्पिकच्या दारात उभी असलेली कन्या, आणि समोर माझा भाचा, ज्याले कोणी ओयखत नाई."

लोक हसले. मीही हसलो, पण कान गरम झाले.

गुरुजींनी हात खाली केला आणि आम्ही निघालो. मी रोजचा वेग पकडला. मुरूम पायाखाली कुरकुरत होता, आणि मागं कांचनचे पाय माझ्या पायांशी ताल धरून येत होते. हा आवाज मला पाठ होता. तिचा श्वास कितव्या मीटरला जड होतो, वळणावर ती किती आत सरकते, सगळं मी आवाजावरून सांगू शकत होतो. पहिली फेरी झाली तेव्हा मॅडम काही तरी ओरडल्या. आवाजातून कळलं की वेग बरोबर आहे.

दुसऱ्या फेरीत लोकांचा कल्ला वाढला. "पकड त्याले" असं बायका ओरडत होत्या, आणि पुरुष माझ्या बाजूनं. नेहमी ज्या ठिकाणी कांचन मागं पडायला लागायची, त्या जागी मी कान देऊन ऐकलं. पाय मागंच होते. जवळ. वळण संपलं आणि मी ठरल्याप्रमाणे मला जे करायचं ते केलं. जोर लावला. मागचा आवाज दूर गेला, रेघ आली, आणि मी जिंकलो. बऱ्याच अंतरानं जिंकलो.

मामांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. कोणी तरी फटाक्यांची लड लावली. कांचन रेघेपलीकडे गुडघ्यांवर हात ठेवून वाकली होती. तिच्याकडे बघून लोकांचा आवाज जरा खाली आला, जसा एखाद्याच्या घरी वाईट बातमी आल्यावर येतो.

मग काळमेघ मॅडम धावत आल्या. त्या माझ्या बाजूनं सरळ निघून गेल्या, कांचनला त्यांनी उचललं, आणि त्या दोघी एकमेकींना धरून उड्या मारायला लागल्या. कांचन हसत होती, खोकत होती, पुन्हा हसत होती. तिच्या ओढणीतला चिवडा कधीच सांडला होता, कारण ओढणी मॅडमच्या खांद्यावर होती आणि मॅडम तिच्यासकट नाचत होत्या.

मी हार घालून एकटा उभा होतो.

"हारली त पोट्टी नाचून काहून राहिली?" व्हरांड्यातली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली.

"खिलाडू वृत्ती," मामा माईकवर म्हणाले. "हसत हसत हारणं कोणी हिच्याकडून शिकावं."

हरणे गुरुजींनी त्यांच्या हातातून माईक घेतला. त्यांनी आपल्या हातातलं घड्याळ पुन्हा एकदा पाहिलं, चष्मा वर करून पाहिलं, आणि सांगितलं की ह्या मुलीनं आत्ता दोन मिनिटांच्या आत आठशे मीटर पूर्ण केलं आहे, आणि चाळीस वर्षांत आपल्या घड्याळात एवढी चांगली वेळ कोणत्याही बाईनं दाखवलेली नाही.

मग टाळ्या सुरू झाल्या त्या व्हरांड्यातून. तिथून भिंतीवर गेल्या आणि मग सगळीकडे पसरल्या. माझ्या शर्यतीला कोणी एवढ्या टाळ्या दिल्या नव्हत्या.

मामांचा नूर पालटला. आता ती त्यांच्या महोत्सवात ऑलिम्पिकला पात्र झाली होती. "मंग झालं. गुरुजी, द्या लिहून कागदावर. पाठवून देऊ."

"कागदाचा उपयोग नाही शेषराव," गुरुजी म्हणाले. "ही वेळ धरली जाणार नाही."

"काहून? घड्याळ तुमचं, ग्राउंड तुमचं."

"ती एका पुरुषाच्या मागं धावली. बायकांच्या शर्यतीत पुरुष पुढं धावलेला चालत नाही. त्यानं वारा अडवला, वेग राखला. तो नसता तर काय झालं असतं, कोण सांगणार?"

मामा तापले. सकाळपर्यंत ज्या पोरीला ते 'खरं काय ते' दाखवणार होते, तिच्या बाजूनं ते आता पंचाशी भांडत होते. "पाय तिचे, दम तिचा, घाम तिचा. ह्यानं काय केलं? हा त नुसता पुढं होता. वकील करू आपण, पोरी. तू भिऊ नको."

"नाई मामाजी," कांचन म्हणाली. ती आता खाली बसून बूट सोडत होती. "मले माहीतच होतं धरणार नाई म्हणून. अन् बरोबर आहे ते. उद्या केरळच्या लिन्सीनं असंच एखाद्या पोट्ट्याच्या मागं धावून टायमिंग काढला, अन् माझी जागा घेतली, तर मीच पहिले बोंब मारीन."

"मंग आली कशाले तू?"

"मले पाहायचं होतं. पाय जातात का नाई तिथवर. आता माहीत झालं, जातात."

मामांनी वाद पुढं न्यायला तोंड उघडलं. "पण पोरी, नियम म्हंजे..." आणि ते थांबले. त्यांचा हात गळ्यातल्या पदकावर गेला होता. तो तिथंच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी वेळ काही तरी चाललं होतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

"चाळीसचा घुसला असता तर," ते हळूच म्हणाले.

कांचननं मान वर केली नाही. बुटाची नाडी सोडत राहिली.

मामा माझ्याकडे वळले. "त तू हिच्यासाठी चाळीसवाला आहे."

"असं दिसतं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या गळ्यातल्या हाराकडे पाहिलं, पण तो परत मागणं काही त्यांना जमलं नाही.

उरलेला हंगाम भराभर गेला. पात्र ठरायची शेवटची संधी भोपाळला होती, राष्ट्रीय स्पर्धेत. तिच्या स्पर्धेला मी पहिल्यांदाच सोबत गेलो, आणि मामाही आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मामींनी केलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा एक डबा कांचनला पोचवायचा होता, असं त्यांचं म्हणणं.

भोपाळच्या मैदानावर मला पहिल्यांदाच काही काम नव्हतं. मी ट्रॅकवर उतरायचं नव्हतं, आतून ओरडायचं नव्हतं, तिच्या बरोबरीनं कडेनं धावायचं तर मुळीच नव्हतं. तसं झालं तर ती बाद होणार होती. मॅडमनी मला कठड्यामागं, तिसऱ्या रांगेत, स्वतःशेजारी बसवलं. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, पण माझ्या पायांवर नव्हता.

मुली रेघेवर येऊन उभ्या राहिल्या. लिन्सी कांचनच्या शेजारी होती. एकोणीस वर्षांची, हसरी, आणि कांचनच्या कानाशी तिची कंबर यावी असे लांब पाय.

"मॅडम," मामा म्हणाले, "हिचे पाय पायले काय तुमी? ही एक टांग टाकते तवा आपली पोरगी दीड टाकते. हे चालते तुमच्या नियमात? माणूस चालत नाई अन् हे चालते?"

"चालतं."

"काहून? हेही त देवानंच देलं तिले. तिनं काय कमावलं?"

"काहीच नाही कमावलं," मॅडम म्हणाल्या. "कांचनचं छातीतलं यंत्र पण तिनं कमावलेलं नाही. तिचा दम डॉक्टरांनी मोजला तेव्हा त्यांनी मशीन बिघडली असं समजून दुसरी आणली होती. असं एकेक काढत बसलो मामा, तर लांब पायांची शर्यत वेगळी, मोठ्या छातीची वेगळी, डोंगरावर जन्मलेल्यांची वेगळी. सगळ्यांच्या शर्यती वेगळ्या, सगळेच पहिले."

"मंग बाई-माणसाची तरी रेघ काहून?"

"कारण ती पुसली तर इथं आज ज्या आठ जणी उभ्या आहेत ना, त्यातली एकही उभी नसती. आठ मुरली असते."

मामांनी आठ मुरलींची कल्पना करून पाहिली असावी. त्यांनी लाडवांचा डबा मांडीवर नीट धरला.

बंदूक वाजली. कांचन पहिल्या वळणानंतर आत सरकली आणि पुढं निघाली. पुढं कोणी नव्हतं. मी तिथं असायचो, आणि आज तिथं नुसता लाल ट्रॅक आणि वारा होता. लिन्सी तिच्या बरोबर मागं चिकटली होती. जे मी कांचनसाठी करायचो तेच कांचन आता तिच्यासाठी करत होती, न मागता, न ठरवता.

पहिली फेरी चांगली गेली. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर कांचनचे खांदे वर यायला लागले. दमली की तिचे खांदे वर येतात, हे मॅडम नेहमी सांगायच्या. मी ऐकलं होतं, कधी बघितलं नव्हतं. माझा पाय उठला तशी मॅडमनी माझ्या शर्टाची मागची बाजू मुठीत धरली.

"बस."

"मॅडम, वेग पडतोय."

"दिसतंय मला. बस."

शेवटच्या वळणावर लिन्सी बाहेरून आली आणि त्या लांब पायांनी सहज पुढं निघून गेली. मामांनी लाडवांच्या डब्यावर हात मारला. मला वाटलं, संपलं.

आणि तेव्हा ती सरळ रेषेत आमच्या समोरून आली आणि मी तिचा चेहरा पाहिला. दोन वर्षं रोज सकाळी आम्ही एकत्र धावलो होतो, आणि मी तिला धावताना समोरून एकदाही पाहिलं नव्हतं. ती नेहमी माझ्या पाठीमागं असायची. मला तिचे पाय ऐकू यायचे, श्वास ऐकू यायचा. हा चेहरा मला माहीत नव्हता. दात आवळलेले, मान पुढं, डोळे लिन्सीच्या पाठीवर खिळलेले. घड्याळाकडे तिचं लक्ष नव्हतं, ऑलिम्पिकचंही तिला काही पडलेलं नव्हतं. तिला फक्त ती पाठ गाठायची होती.

माझी पाठ तिनं अशी कधीच पाहिली नसणार. पाहून उपयोग काय होता? ती गाठता येणारी पाठच नव्हती.

खांदे खाली आले. दहा मीटर राहिले तेव्हा कांचन लिन्सीला जवळजवळ भिडली होती, पण रेघेवर लिन्सीची छाती पुढं पडली. हातभरही अंतर नसेल.

फलकावर आकडे उमटायला वेळ लागला. मॅडमनी अजून माझा शर्ट सोडला नव्हता. मग आकडे आले. दोघी दोन मिनिटांच्या आत होत्या.

मामांनी शेजारच्या पोलीस हवालदाराला मिठी मारली. तो बिचारा मध्य प्रदेशातला, त्याला काय झालं ते कळेना, पण त्यानं मिठी परत दिली. मॅडम खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी पायऱ्या उतरून कठडा ओलांडला. शर्यत संपली होती, आता मला कोणी अडवणार नव्हतं.

कांचन ट्रॅकवर पाय पसरून बसली होती. मला वाटलं होतं ती रडत असेल, नाहीतर हसत असेल. ती चिडलेली होती. पाण्याची बाटली तिनं गवतावर भिरकावली.

"हारलो ना मी," ती म्हणाली.

"कांचन, फलक पाहा."

"पाह्यला. पण हारलो ना. वळणाच्या आधीच जोर लावायले पायजे होता. मले वाटलं ती थकली. नाई थकली ती, भामटी." तिनं मुठीनं ट्रॅकवर मारलं. "आणखी पाच मीटर असते ना मुरली, पकडली असती मी तिले."

चांदूर बाजारला ती माझ्या कितीतरी मागं राहिली होती आणि उड्या मारत होती. इथं हातभर मागं राहिली आणि तिला ते सहन होत नव्हतं. मी तिच्याशेजारी बसलो. ऑलिम्पिकले तिले काहून पाठवून राहिले, ह्या मामांच्या प्रश्नाचं उत्तर मला इतके महिने देता आलं नव्हतं. आता ते समोर बसून चिडचिड करत होतं.

लिन्सी आली. तिला मराठी येत नव्हती, आणि हिंदी जेमतेम. ती वाकून कांचनच्या पाया पडल्यासारखं करून म्हणाली, "दीदी, आप आगे था. इसलिए हुआ. मैं अकेला नहीं करता."

कांचन तिच्याकडे रागानं बघत राहिली, जेवढं जमलं तेवढा वेळ. मग तिनं हात पुढं केला, लिन्सीनं तिला ओढून उभं केलं, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. "अगली बार तू आगे," कांचन म्हणाली. "मैं पीछे से आएगी." तोवर मामा डबा घेऊन पोचले होते. त्यांनी पहिला लाडू लिन्सीला दिला. तिच्या पायांकडे त्यांनी आता आदरानं पाहिलं.

परतीच्या गाडीत मामा वरच्या बर्थवर घोरत होते, मॅडम खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या. कांचन अजून शेवटचं वळण पुन्हापुन्हा धावत होती, बोटांनी, आपल्या गुडघ्यावर. अचानक तिनं विचारलं, "मुरली, तू सोता काहून नाई धावत?"

"धावतो की रोज."

"माझ्यापुढं नाई. तुझ्या शर्यतीत."

"राज्य स्पर्धेत धावलो होतो दोनदा. दोन्ही वेळा सहावा."

"मंग?"

"मंग काय? सहाव्याला कोण विचारतं?"

कांचननं माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या हुशार पोराला पाढा येत नसल्याचं कळल्यावर मास्तर पाहतात.

"पाचवा कोण होता?"

"होता एक. साताऱ्याचा."

"मंग त्याले पकड ना."

ऑलिम्पिकला कांचन आपल्या गटात पाचवी आली आणि पुढच्या फेरीत गेली नाही. लिन्सी गेली, एक फेरी, मग तीही बाद झाली. परत आल्यावर कांचन चार दिवस घरी राहिली, आणि पाचव्या दिवशी सकाळी मैदानावर हजर होती. मी नेहमीच्या जागी, तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. तिनं मॅडमच्या हातातलं घड्याळ घेतलं आणि मला एकट्याला रेघेवर उभं केलं. त्या हिवाळ्यात आठवड्यातले तीन दिवस मी तिच्यासाठी धावलो आणि तीन दिवस ती कडेला उभी राहून माझ्यावर ओरडली. तिचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा हे मी सांगितलंच आहे.

पुढच्या राज्य स्पर्धेत मी पाचवा आलो. साताऱ्याच्या त्या पोराला शेवटच्या वळणावर मागं टाकलं, आणि त्याचं नाव आता मला काही केल्या आठवत नाही. चौथा आलेला रेघेवर माझ्या वीतभर पुढं होता. विजय सातपुते, सोलापूर. उजव्या पायात निळा मोजा, डाव्यात पांढरा.